पुरातली तहान

पानशेतच्या पुराच्या गोष्टी पुण्याच्या जुन्या पेठांत कुठल्याही घरी ऐकायला मिळतात आणि त्या सगळ्यांत पाणी चढत जातं. आधी उंबरा, मग ओटी, मग माजघरातले कोनाडे, मग जिन्याच्या पायऱ्या. आमच्या घरात हा भाग आजी दोन वाक्यांत उरकायची. तिची खरी गोष्ट सुरू व्हायची ती पाणी ओसरल्यावर. अंगणात मांडीभर गाळ, भिंती फुगलेल्या आणि मोरीतला नळ कोरडा. पिळला की नुसता हवेचा फुस्स आवाज. १३ जुलै १९६१ ची सकाळ होती. आदल्या दिवशी जिथून नदी वाहत गेली त्या घरात माझ्या वडिलांच्या तोंडाला लावायला भांडंभर पाणी नव्हतं. वडील तेव्हा वर्षाचेही नव्हते.

लहानपणी मला हे पटायचं नाही. एवढं पाणी आलं आणि पाणी नाही, असं कसं होईल? आजी म्हणायची, "तुझ्या आजोबांना विचार. त्यांचं खातं ते."

आजोबा पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून लागले आणि कालवा निरीक्षक होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी मुठा उजव्या कालव्यावर. सायकल घेऊन कालव्याच्या भरावावरून फिरायचं, गेजच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, वहीत मांडायची, पाळीप्रमाणे फाट्यांची दारं उघडायची आणि रात्री कोणी चोरून उघडलेली पुन्हा बंद करायची. मी प्रश्न विचारला की ते अंगणात काडीने चित्र काढायचे. एक रेघ नदीची, तीव्र उताराची. दुसरी रेघ कालव्याची, जवळजवळ आडवी. दोन्ही रेघा खडकवासल्याच्या भिंतीपाशी सुरू व्हायच्या आणि पुण्यात येईतो त्यांच्यात वीतभर अंतर पडलेलं असायचं. नदी खाली खाली जाते, कालवा डोंगराच्या अंगाने आपली उंची सांभाळत येतो. म्हणून पर्वतीच्या पायथ्याशी तो नदीपेक्षा कितीतरी वर असतो. म्हणूनच त्यातलं पाणी शहराला देता येतं आणि पुढे हडपसर, लोणी, यवतच्या उसालाही पोचतं.

मग ते नदी आणि कालव्याच्या फुटीपाशी बोट ठेवायचे. "हे धरण काढून टाक. आता नदीत पाणी आहे का? आहे. कालव्यात आहे का?"

नाही. कारण कालव्याचं तोंड वर राहिलं आणि नदी आपल्या जुन्या पात्रात तळाशी गेली.

खडकवासल्याचं ते दगडी धरण १८७९ च्या सुमाराला पुरं झालं होतं. इंग्रज अभियंता कर्नल फाईफ याच्या नावावरून त्याच्या जलाशयाला लेक फाईफ म्हणत. लष्कराच्या छावणीला आणि शहराला प्यायला पाणी, दुष्काळी पट्ट्याला शेतीचं पाणी, असा दुहेरी बेत होता. ऐंशी वर्षांत शहर वाढलं, ऊस वाढला, पाणी पुरेना. म्हणून त्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधायला १९५७ मध्ये घेतलं. म्हणजे पानशेत खडकवासल्याच्या आधारासाठी होतं. १९६१ च्या पावसाळ्यात, काम पुरं झालेलं नसतानाच, त्यात पाणी साठलं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढणारी मोरी अर्धवट होती, तिचे दरवाजे धड बसलेले नव्हते. त्यांतून सुटणाऱ्या पाण्याने मोरी हादरत राहिली आणि वरचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी खचणाऱ्या माथ्यावर वाळूची पोती रचली. रात्रभर रचली. आजोबा त्या जवानांबद्दल बोलताना नेहमी उठून बसायचे. त्या पोत्यांनी धरण वाचलं नाही, पण काही तास मिळाले आणि पाणी अंधारात यायचं ते दिवसाउजेडी आलं. १२ जुलै, बुधवार. सकाळी पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्यात उतरलं, काही तास जुन्या भिंतीच्या माथ्यावरून वाहत राहिलं आणि दुपारी ती भिंतही गेली. आधाराला बांधलेल्या धरणाने ज्याला आधार द्यायचा त्यालाच आपल्याबरोबर नेलं.

इथपर्यंतची हकिकत चौकशी आयोगांपुढे आली, आधी न्यायमूर्ती बावडेकरांच्या आणि नंतर न्यायमूर्ती नाईकांच्या. पण मला नेहमी वाटत आलं आहे की धरण कसं फुटलं यावर जेवढं लिहिलं-बोललं गेलं, त्याच्या मानाने धरण फुटल्यावर शहरात एकामागून एक काय काय बंद पडत गेलं हे फार कमी नोंदलं गेलं. ते घराघरांत सांगण्यापुरतं राहिलं. सांगणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

त्यांतली एक आमची आत्याआजी, आजोबांची धाकटी बहीण. तेव्हा विशीत होती आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ११ जुलैला तिची रात्रपाळी होती. सकाळी सुटायची ती सुटली नाही, कारण तिच्या जागी येणाऱ्या मुलींपैकी निम्म्या नदीपलीकडे राहणाऱ्या. लकडी पुलावर पाणी, नव्या पुलावर पाणी. एक्स्चेंज उंचावर होतं, तिथे थेंबही आला नाही. पण आत्याआजी म्हणते, पूर तिने बोर्डावर पाहिला.

ते असं. फोन उचलला की बोर्डावर त्याचा छोटा दिवा लागतो. केबलीत पाणी शिरलं की दोन तारा ओलाव्याने जोडल्या जातात आणि फोन उचलल्याचीच खूण एक्स्चेंजला मिळते. त्या सकाळी आधी नदीकाठचे दिवे लागले. मग त्यांच्यामागच्या गल्ल्यांचे. मग पेठाच्या पेठा. कॉर्ड लावून "नंबर प्लीज" म्हणायचं तर पलीकडे फक्त खरखर. माणसं केव्हाच घरं सोडून पर्वतीच्या वाटेला लागलेली आणि इकडे त्यांचे फोन उचललेले. आमच्या गल्लीतल्या एका दवाखान्याचा नंबर तिला पाठ होता. तो दिवा लागला तेव्हा आपल्या वाड्यात पाणी शिरलं हे तिला कळलं. वाड्यात फोन नव्हता, त्यामुळे विचारायचं कोणाला? ती कॉर्ड हातात धरून बसली.

दुपारनंतर वीज गेली. एक्स्चेंज बॅटऱ्यांवर चालतं, त्यामुळे लगेच बंद पडलं नाही. पण बॅटऱ्या भरायला वीज लागते, वीज नसेल तर इंजिन लागतं आणि इंजिनाला डिझेल. डिझेलचं पिंप किती भरलेलं आहे हे पाहायला कोणीतरी मागच्या आवारात पळालं. मग वरिष्ठांनी ठरवलं की कोणत्या लाइनी चालू ठेवायच्या. कलेक्टर कचेरी, पोलीस, दवाखाने, लष्कर, मुंबईचे ट्रंक. बाकीच्या सोडून द्यायच्या. आत्याआजी अजूनही म्हणते की त्या दिवशी तिला पहिल्यांदा समजलं की फोन म्हणजे तारा नव्हेत. फोन म्हणजे वीज, डिझेल, पूल आणि पाळीवर येऊ शकणारी मुलगी. यांतलं एक जरी अडलं तरी तार नुसती लोंबकळत राहते.

ती तिसऱ्या दिवशी घरी आली. घर म्हणजे पुढची ओटी आणि मागची माडी. मधला भाग बसला होता.

आजोबांचं काय? ते पुराच्या दिवशी पर्वतीच्या अंगाला कालव्यावर होते. खालून नदी चढताना त्यांनी पाहिली, घरच्यांची काळजी केली, पण जागा सोडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाहिलं ते त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की मला ते माझंच पाहिलेलं वाटतं. कालव्याचं पाणी उतरत होतं. आधी गेजच्या पट्टीवरचे हिरवे शेवाळलेले आकडे उघडे पडले, मग कधी न दिसणारे खालचे आकडे, मग पट्टीचा पाया. तळाच्या चिखलात मासे उड्या मारत होते आणि पोरं धोतराचे पदर पसरून ते धरत होती. वहीत त्या रकान्यात काय लिहायचं असा त्यांना प्रश्न पडला. त्यांच्या नोकरीत त्या जागी शून्य कधी लिहिलंच नव्हतं. त्यांनी शून्य लिहिलं, वेळ घातली, सही केली.

तिथून सहा लाखांच्या आसपासचं शहर बिनपाण्याचं झालं. आणि पाण्यापाठोपाठ दुसऱ्या गोष्टी. आजीची यादी तिच्या स्वयंपाकघरापासून सुरू व्हायची. शिधावाटपाच्या दुकानात गहू मिळाला, पण वीज नाही म्हणून पिठाच्या गिरण्या बंद. मग माडीवर टाकून दिलेलं जातं खाली आलं. जात्याला खुंटा नव्हता, तो शेजारच्या पडक्या वाड्याच्या लाकडातून काढला. दळण झालं तर कणीक भिजवायला पाणी नाही. लाकडं ओली, रॉकेलसाठी रांग आणि रॉकेलची गाडी पुलापलीकडे अडकलेली. वाड्यातली विहीर होती, पण तिच्यात पुराचं पाणी आणि काय काय पडलेलं. महापालिकेची माणसं येऊन त्यात औषध टाकून गेली आणि पिऊ नका म्हणून बजावून गेली. कॉलऱ्याची लस टोचून घ्यायची रांग वेगळी. लष्कराचे टँकर यायचे, पण गाळाने भरलेल्या बोळांत टँकर शिरत नसे. त्यातच कोणीतरी "पाणी आलं, पाणी आलं" अशी ओरड केली आणि सगळी पेठ हातातलं टाकून पळत सुटली. खरंखोटं सांगायला रेडिओ नव्हता, कारण वीज नव्हती. फोन नव्हता, तो का नव्हता ते आत्याआजीने सांगितलंच. ती नुसती अफवा होती. त्या धावपळीत आजीचा भरलेला हंडा सांडला आणि त्या हंड्याचं दुःख तिला वाड्याच्या पडलेल्या भिंतीपेक्षा जास्त होतं.

हंडा तिने भरला होता कात्रजच्या पाण्याने.

हे नीट सांगायला हवं. १७५० च्या सुमाराला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या डोंगरापाशी तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं. दगड-चुन्यात बांधलेला नळ, काही भागांत माणूस आत उतरून चालू शकेल एवढा मोठा. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास, म्हणजे दगडी मनोऱ्यासारखी उघडी तोंडं. त्यांतून हवा खेळते, दाब हलका होतो आणि आत उतरून गाळ काढता येतो. मधल्या टाक्यांत गाळ बसतो आणि पेठांतल्या हौदांत नितळ पाणी येतं. याला पंप नाही, वीज नाही, पूल ओलांडावा लागत नाही. कात्रज वर आहे आणि पुणं खाली आहे, एवढ्या एका गोष्टीवर सगळं चालतं. नदीशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे मुठा कितीही चढो वा आटो, कात्रजच्या नळाला त्याचा पत्ताही लागत नाही.

नळ घरोघरी आल्यावर हौद मागे पडले होते. कोणी त्यांत कपडे धुवायचं, कोणी म्हशी. १९६१ च्या जुलैत त्यांच्याभोवती पुन्हा हंड्या-कळशांच्या रांगा लागल्या. आजी पहाटे चारला जायची. दोनशे वर्षांपूर्वीच्या कोणा पाथरवटाने बांधून ठेवलेल्या उतारावर माझ्या वडिलांचं दूध पातळ झालं आणि भात शिजला. ते पाणी सगळ्या शहराला पुरण्यासारखं नव्हतं, कशाला खोटं सांगायचं? पेशव्यांनी ते बांधलं तेव्हा पुण्याची वस्ती कितीशी होती! आणि ते सगळ्यांचंही नव्हतं. याच हौदांवर अस्पृश्य मानलेल्या माणसांना हात लावू देत नसत. म्हणून १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. पेशव्यांच्या जलव्यवस्थेचं कौतुक करताना ही बाजू गाळणारे लेख मी वाचले आहेत आणि मला ते अपुरे वाटतात. पाण्याचा नळ कशावर अवलंबून आहे हे पाहायचं तर तो कोणाच्या परवानगीवर अवलंबून आहे हेही पाहिलं पाहिजे. १९६१ च्या रांगेत मात्र, आजी सांगायची, कोणी कोणाची जात विचारली नाही. निदान त्या आठवड्यात नाही.

पुढे स. गो. बर्वे यांच्याकडे पुनर्वसनाची सूत्रं आली, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, खडकवासला पुन्हा बांधलं गेलं, कालव्याला पाणी आलं. आजोबांच्या वहीत आकडे परतले. हौद पुन्हा विसरले गेले.

सहा वर्षांनी आमच्या घरात दुसरी गोष्ट आली, ती कोयनेची. आजोबांचे धाकटे भाऊ पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला उतरवतात आणि डोंगराच्या आत खोदलेल्या पोफळीच्या वीजघरात त्यावर जनित्रं फिरवतात. पाणी कोकणात वाशिष्ठीला जातं, वीज घाटमाथा ओलांडून मुंबई-पुण्याला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या पुढे भूकंप झाला. कोयनानगरची घरं पडली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाच्या उंच भागात आडव्या चिरा पडल्या. धरण उभं राहिलं आणि पुढे त्याला मागून टेकू देऊन मजबूत केलं. वीज थांबली आणि तिकडे दोनशे किलोमीटरवर मुंबईच्या कारखान्यांना त्याची झळ बसली.

धाकटे आजोबा सांगायचे ते वेगळंच. डोंगराच्या पोटात दिवे गेले की जो काळोख होतो तो बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. आणि त्या काळोखात पहिलं काम हे की वीज तयार करायला थोडी वीज हवी. झडपा हलवायला, तेल फिरवायला, दिवे लावायला. वीजघर स्वतःच्या विजेवर उभं असतं. ती गेली की बाहेरून किंवा बॅटऱ्यांतून उसनी आणून मग पहिलं जनित्र उठवायचं. आणि हे करायला जी माणसं लागतात त्यांतल्या कितीकांची घरं त्या पहाटे पडलेली होती. तरी ती आली. ढिगाऱ्यातून बायकामुलांना बाहेर काढून, त्यांना उघड्यावर बसवून कामावर आली. मला या दोन गोष्टींतला धागा नेहमी हाच दिसतो. एक्स्चेंजवर बसून राहिलेली आत्याआजी आणि पोफळीत परतलेली ती माणसं. नकाशावर धरण, वाहिनी, केबल, पूल दाखवतात, या माणसांसाठी खूण नसते. ज्या माणसाचं घर पुरात आहे त्याच्यावरच पुराची व्यवस्था चालते. त्याच्या मुलाबाळांची आधी सोय करणं हा दयेचा भाग नाही, ती यंत्रणेचीच गरज आहे.

१२ ऑक्टोबर २०२० ला मी मुंबईत होते. सकाळी दहाच्या सुमाराला वीज गेली. कळवा, पडघा, खारघर या केंद्रांना जोडणाऱ्या वाहिन्या एकामागोमाग बंद पडल्या होत्या. एकीचा भार दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर, उतरंडीतलं खालचं मडकं निसटावं तसं. मुंबईसाठी एक जुनी सोय आहे. बाहेरच्या जाळ्यात बिघाड झाला की शहर स्वतःला तोडून घेतं आणि आपल्या जवळच्या वीजघरांवर तगतं. त्या दिवशी ती सोय पुरी पडली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस, इस्पितळं जनित्रांवर. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद, आणि पंप बंद म्हणून वरच्या टाकीत पाणी चढेना. मोबाइलचे मनोरे बॅटरीवर होते तोवर फोन लागत होता. तेवढ्यात पुण्याहून आत्याआजीचा फोन आला. तिने टीव्हीवर बातमी पाहिली होती. कशी आहेस, काय झालं, काही नाही. पहिलं वाक्य: "टाकीत किती पाणी आहे? आधी बादल्या भर, मग माझ्याशी बोल. आणि फोन फार वापरू नकोस, चार्जिंग कुठे करणार?"

ऐंशी ओलांडलेल्या बाईने एका श्वासात वीज, पाणी आणि फोन जोडून दाखवले.

आदल्या वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कोल्हापुरात पुन्हा तेच झालं होतं जे आजी सांगायची. पंचगंगा धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि पुराने वेढलेल्या शहरात नळ कोरडे पडले. महामार्ग बंद, म्हणून टँकर नाहीत, दूध बाहेर जाईना, पेट्रोल आत येईना, आणि होतं ते अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवलं. नदीतून पाणी उचलणारा पंप नदीकाठीच असणार, हे खरं. पण नदी चढली की पहिला बळी त्याचाच जाणार हे १९६१ ला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही.

पुण्याला आज टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणं आहेत, क्षमता मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. आकडा मोठा दिसतो. पण वरच्या तिन्हींचं पाणी खाली येऊन जमतं ते खडकवासल्यातच. जुन्या शहराचं पाणी आजही एकाच दारातून येतं. आता भामा आसखेडचं पाणी शहराच्या पूर्वेच्या भागाला मिळू लागलं आहे, ते दुसऱ्या खोऱ्यातलं आहे, आणि मला ही फार चांगली गोष्ट वाटते. पण आजोबांच्या काळात निदान कालवा उताराने यायचा. आता खडकवासल्यातून पाणी पंपाने उचलून बंद नळातून पर्वतीला आणतात. गळती वाचते, घाण शिरत नाही, हे फायदे खरेच आहेत. फक्त त्याबरोबर पाण्याने विजेचा हात धरला आहे. पुणेकरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. विद्युतविषयक कामांसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने, ही सूचना आम्ही वर्तमानपत्रात इतक्यांदा वाचतो की बुधवारी रात्री हात आपोआप बादल्यांकडे जातात.

आणि कात्रज? तलावाभोवती वस्ती वाढली, सांडपाणी शिरलं. नळ रस्त्यांच्या आणि इमारतींच्या पायांत जागोजागी तुटला, कितीतरी हौद कोरडे आहेत, काही पाडले. ते पाणी आज प्यायला द्यावं असं मी म्हणणार नाही. पण आग विझवायला, संडासात टाकायला, बागांना, नळ बंद पडला त्या आठवड्याला ते चाललं असतं. कशावरही न टेकलेली एक तरी व्यवस्था शहराने जिवंत ठेवायला हवी होती. ती नव्याने बांधायची तर किती पैसे लागतील याचा हिशेब करायची गरज नाही, ती बांधलेलीच होती. तिची निगा तेवढी राखायची होती. याबद्दल मला वाईट वाटतं, रागही येतो.

आमच्या वाड्याची आता पाच मजली सोसायटी झाली आहे. बांधकामाच्या वेळी विहिरीवर स्लॅब टाकायचं ठरत होतं, कारण तिथे दोन गाड्या उभ्या राहिल्या असत्या. आत्याआजी चाकाच्या खुर्चीतून बैठकीला आली. वाद घातला नाही, १९६१ ची गोष्टही सांगितली नाही. एवढंच म्हणाली की माझी गाडी नाही, माझ्या वाट्याची जागा विहिरीला द्या. विहीर राहिली. गाळ काढला, पाणी तपासून घेतलं. पिण्याजोगं नाही, वापरायला उत्तम आहे. आता तिच्यावर काय बसवायचं यावर चर्चा चालू आहे. बहुतेकांचं मत मोटर बसवावी असं आहे, खटका दाबला की काम झालं. मी लेखी कळवलं आहे की मोटर हवी तर खुशाल बसवा, पण तिच्याशेजारी एक हातपंपही बसवा. अजून उत्तर आलेलं नाही. पुढची बैठक रविवारी आहे.